सोडलेले मासे

नऊ वर्षं मी धरलेला एकही मासा घरी आणला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. एका जानेवारीतल्या सकाळी तो अभिमान गेला. कसा गेला ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. टाळत राहिलो, कारण बावीस मासे मी विनाकारण मारले ही कबुली त्यात द्यावी लागणार होती.

मी मूळचा मालवणकडचा. आमचं घर कालावलच्या खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. बाबा शाळेत शिकवायचे. सुट्टीच्या दिवशी भरतीची वेळ बघून ते गरी घेऊन निघायचे, आणि मी शेंगटीच्या काट्याला भीत भीत त्यांच्यामागे चिखल तुडवायचो. मिळेल ते घरी यायचं. शेवटे, तांबोशी, नशीब असेल तर पालू. दुपारी आईच्या कालवणात ते दिसायचे, आणि मासेमारी म्हणजे काय हे मला त्या ताटावरून कळलं होतं.

नोकरीसाठी डॅलसला आलो, आणि दुसऱ्याच वर्षी ऑफिसातल्या एकाने मला लेक फोर्कला नेलं. डॅलसहून पूर्वेला गाडीने दीड तास. सबाइन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर धरण बांधलं, १९८० साली पाणी अडवलं आणि हा तलाव तयार झाला. सत्तावीस हजार एकरांहून मोठा. पाणी भरताना खालचं बरंच जंगल तसंच उभं ठेवलं होतं. चाळीस वर्षांनंतरही काळे पडलेले बुंधे पाण्याबाहेर डोकं काढून उभे आहेत, आणि बोटीने जायचं तर त्या बुंध्यांमधून आखलेल्या वाटांनीच जावं लागतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते पुरात बुडालेल्या गावासारखं वाटलं. पण त्या बुंध्यांच्या आडोशालाच लार्जमाउथ बास राहतो. हिरवट अंगाचा, मोठ्या जबड्याचा, आमिषावर झडप घालणारा मासा. टेक्सासच्या मत्स्य खात्याने या पाण्यात फ्लोरिडाच्या जातीचा बास सोडला होता, आणि तो इथे अफाट वाढला. नोव्हेंबर १९८६ मध्ये मार्क स्टीव्हनसन यांनी इथे १७.६७ पौंडांची, म्हणजे आठ किलोंची मादी धरली. तिला एथेल हे नाव पडलं. ती मारली गेली नाही. मिझुरीतल्या एका मोठ्या दुकानाच्या मत्स्यालयात ती १९९४ पर्यंत जगली. तिच्यापासूनच टेक्सासात अशी योजना सुरू झाली की तेरा पौंडांवरची बासची मादी धरणाऱ्याने ती जिवंत द्यायची, खात्याने तिची अंडी घ्यायची आणि मग ती परत सोडायची.

ही गोष्ट ऐकली त्या दिवसापासून माझा पक्ष ठरला. मासा धरावा, क्षणभर हातात घ्यावा, सोडावा. अमेरिकेत बासच्या स्पर्धा नावारूपाला आणणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ पासून स्पर्धेतले मासे जिवंत ठेवून परत सोडायची चाल पाडली. तोवर स्पर्धेतले मासे मरतच. मला हा माणसाच्या सुधारणेचा टप्पा वाटला. खाडीच्या चिखलातून मी या टप्प्यापर्यंत आलो याचं मला फार कौतुक होतं.

बाबा एकदाच इकडे आले, एप्रिलमध्ये. मी त्यांना मोठ्या हौसेने फोर्कवर नेलं. तासाभरात मी साडेतीन पौंडांचा बास धरला, त्यांना दाखवला आणि पाण्यात सोडला. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “खावचो नाय तर धरलंस कित्याक?”

मी त्यांना समजावलं. संवर्धन, पुढची पिढी, खेळ, कौशल्य. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं त्यांना कळलं नाही. त्या दिवशी घरी परतताना गाडीत मी मनातल्या मनात त्यांच्यावर दया केली, हे आज लिहिताना हात जड होतो.

कौशल्याचं मात्र खोटं नव्हतं. मी ते मनापासून कमावलं. फेब्रुवारीत पाणी पन्नास-पंचावन्न फॅरनहाइटवर आलं की हायड्रिलाच्या गवताच्या कडेला लाल रंगाचं, आत छर्रे खुळखुळणारं चपटं ल्यूर, म्हणजे बनावट आमिष, फेकायचं. ते गवतात अडकलं की हिसका देऊन सोडवायचं, आणि बास नेमका त्या हिसक्यालाच घेतो. पाणी साठाच्या पुढे गेलं की मादी उथळात घरट्यावर येते. तेव्हा प्लास्टिकचा किडा किंवा सरडा, टेक्सास रिगवर. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं शिसं, मागे किडा, आणि गळाचं टोक किड्याच्याच अंगात लपवलेलं, म्हणजे बुंध्यांमधून ओढताना ते कुठे रुतत नाही. हा प्लास्टिकचा किडा निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ साली ओहायोत आपल्या घरच्या स्वयंपाकघरात ओतला. पुढे त्याचा कारखाना फोर्कपासून फार लांब नसलेल्या टायलर गावात आला. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर ऊन, खाली गार, आणि खालच्या थरात प्राणवायू नसतो. त्या रेषेखाली मासा थांबतच नाही, म्हणून खोल टाकून काही मिळत नाही. शरदात शॅड नावाच्या चांदीच्या माशांचे थवे ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात आणि बास त्यांच्या मागे जातो. आणि उत्तरेकडून थंडीची लाट येऊन गेली, आभाळ काचेसारखं निळं झालं, वारा पडला, की बास बुंध्याला चिकटून बसतो आणि नाकासमोर आमिष ठेवलं तरी बघत नाही. अशा दिवशी सगळं लहान आणि संथ करायचं. वाऱ्याने पाण्यावर लहरी असल्या तर तो दिवस चांगला.

हे सगळं मी वहीत लिहून ठेवायचो. पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा, रंग, वजन. माझ्याकडे ल्यूरच्या सात पेट्या झाल्या.

आणि या विद्येमुळेच मी क्रॉपीवाल्यांकडे तुच्छतेने बघायचो. क्रॉपी म्हणजे तळहाताएवढा, चपटा, रुपेरी अंगावर काळे ठिपके असलेला मासा. त्याचे ओठ कागदासारखे पातळ असतात, जोरात ओढलं तर फाटतात. तो धरणारे लोक बहुतेक वयस्कर. पुलाखाली बोट बांधून बसायचे, गळाला मिनो नावाचा जिवंत छोटा मासा लावायचे, आणि शेजारी पांढरी बादली. मी त्यांना मनात ‘बादलीवाले’ म्हणायचो. त्यांच्याजवळ ना ल्यूरची परीक्षा, ना सोडण्याचा मोठेपणा. मासा आला की बादलीत. मला ते बाबांसारखे दिसायचे, आणि कदाचित म्हणूनच खुपायचे.

त्या जानेवारीत आदल्या रात्री थंडीची लाट येऊन गेली होती. टेक्सासात तिला ‘ब्लू नॉर्दर’ म्हणतात. सकाळी आभाळ निळंशार, हात बधिर. तीन तास बासने मला हात लावू दिला नाही. कंटाळून मी १५४ क्रमांकाच्या रस्त्याच्या पुलाकडे गेलो आणि पहिल्यांदा क्रॉपीसाठी दोर सोडला. मिनो लावायचा नाही हा माझा हेका होताच, म्हणून जिग. दोन ग्रॅमहूनही कमी वजनाचं शिशाचं डोकं, त्याला पिसांचं शेपूट. हिवाळ्यात क्रॉपी खोल पाण्यात दाट थवा करून थांबते. मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर चाळीस फुटांच्या आसपास एक गच्च ढग दिसत होता. क्रॉपीचे डोळे वर बघणारे असतात, ती खालून वर येऊन खाते, त्यामुळे आमिष तिच्या डोक्यावर थांबवायचं, खाली नाही. हे मला वाचून माहीत होतं. जिग स्थिर ठेवली. झटका आलाच नाही, दोर नुसता ढिला पडला. ती आमिष तोंडात घेऊन वर आली होती. हलकेच उचललं, आणि मासा वर.

पुढचा तास-सव्वा तास मी विलक्षण आनंदात होतो. एकामागून एक. प्रत्येक मासा ओल्या हाताने धरला, गळ काळजीपूर्वक काढला, पाण्यात अलगद ठेवला. बावीस. प्रत्येकाला सोडताना मला बरं वाटलं.

मग सीगल येऊ लागले. आधी दोन, मग दहा-बारा. माझ्या बोटीमागे वाऱ्याच्या दिशेला ते पाण्यावर झेप घेत होते. मी वळून पाहिलं तर पाण्यावर पांढरी पोटं. काही मासे एका कुशीवर पडून शेपटी हलवत खाली जायचा प्रयत्न करत होते आणि पुन्हा वर येत होते. डोळे बाहेर आलेले. एकाच्या तोंडातून जठर बाहेर लोंबत होतं.

शेजारच्या बोटीतले म्हातारबाबा हे बराच वेळ बघत असावेत. ते जवळ आले आणि रागावले नाहीत. म्हणाले, “चाळीस फुटांवरून काढलेली क्रॉपी परत खाली जात नाही, पोरा. या तलावावर डिसेंबर ते फेब्रुवारी ती सोडायची परवानगीच नाही. आकार कितीही असो, धरलेली प्रत्येक ठेवायची.” मग त्यांनी आपली रिकामी बादली माझ्या बोटीत ठेवली आणि स्वतःचं जाळं घेऊन माझ्याबरोबर तरंगणारे मासे गोळा करू लागले. पंधरा मिळाले. उरलेले सात सीगलनी नेले किंवा बुंध्यांत अडकले.

परवान्याबरोबरचे नियम माझ्या फोनमध्ये होते. बासचे मला तोंडपाठ होते. क्रॉपीचे मी कधी उघडून पाहिले नव्हते, कारण ती ठेवणाऱ्या लोकांसाठी होती, आणि मी ठेवणाऱ्यांतला नव्हतो. रात्री वाचले. टेक्सासात एरवी क्रॉपी दहा इंचांहून लहान असेल तर सोडावी लागते, दिवसाला पंचवीसची मर्यादा. फोर्कवर मात्र हिवाळ्याचे तीन महिने किमान लांबीची अट उठते आणि धरलेला प्रत्येक मासा ठेवणं सक्तीचं होतं. कारण साधं आहे. दर दहा मीटर पाण्याला एका वातावरणाइतका दाब वाढतो. चाळीस फूट म्हणजे बारा मीटर. तिथे माशाच्या पोटातल्या वाताशयावर पृष्ठभागापेक्षा दुपटीहून जास्त दाब असतो. घोळ माशाचं जे भोत आपल्याकडे मोठ्या भावाने विकलं जातं, तीच ही पिशवी. मासा झपाट्याने वर आला की तिच्यातली हवा दुपटीहून जास्त फुगते. काही माशांना ती हवा तोंडावाटे सोडून देता येते. क्रॉपीला तशी वाट नाही. तिचं पोटच तिला वर धरून ठेवतं. मी ओल्या हाताने, हळुवारपणे, एकेक मासा सीगलपुढे मांडत होतो.

त्या रात्री मी पंधरा क्रॉपी साफ केल्या. नऊ वर्षांत सुरी माशाला लावली नव्हती. हात विसरला नव्हता. रव्यात घोळून तळल्या, सोलकढी केली, बायको-मुलांनी पोटभर खाल्ल्या. मांस पांढरं, गोडसर, काटा कमी. मी खाल्लं तेव्हा आनंद नव्हता, पण लाजही नव्हती. निदान ते मासे वाया गेले नव्हते. सात गेले होते.

जेवणं आटोपेपर्यंत मालवणात सोमवारची सकाळ झाली होती. मी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. गप्प ऐकून त्यांनी विचारलं, “मगे, खाल्लंस काय?”

“खाल्लंय,” मी म्हणालो. ते “बरा” म्हणाले आणि आईची औषधं सांगायला लागले.

नंतर मी बाबांचं खाडीवरचं वागणं आठवत बसलो. मी म्हणायचो की त्यांच्या जगात सोडणं हे नव्हतंच. ते खोटं होतं. बोटाएवढी पिल्लं ते गरीतून काढून पाण्यात टाकायचे. पावसाळ्यात गरीला हात लावायचे नाहीत. नारळी पौर्णिमा होऊन नारळ पाण्यात पडेपर्यंत आमच्या भागात दर्यात होडी घालायची नाही, हे त्यांना कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. मासा अंड्यांवर असतो हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणजे बाबा पाण्याचं बघून ठेवत होते आणि पाण्याचं बघूनच सोडत होते. मी माझं मन बघून सोडत होतो.

हे एकदा दिसल्यावर बासकडेही नव्याने बघावं लागलं. फोर्कवर सोळा इंचांपर्यंतचा बास ठेवता येतो, सोळा ते चोवीस इंचांमधला सोडावाच लागतो, आणि चोवीसच्या वरचा दिवसाला एकच ठेवता येतो. मी हा नियम फक्त ‘सोडा’ एवढाच वाचला होता. पण त्याचा अर्धा भाग ‘ठेवा’ असा आहे. लहान बास फार झाले की खाणं वाटलं जातं आणि कुणीच मोठा होत नाही. लहानांतले काही लोकांनी नेले तर मधल्यांना वाढायला जागा मिळते, आणि त्या मधल्यांतूनच पुढची एथेल येते. सगळ्यांनी सगळंच सोडलं तर नियमाचा हा भाग कागदावर राहतो. माझ्या खाडीत लहान सोडायचे असतात, या तलावात लहान ठेवायचे असतात. पाणी वेगळं, म्हणून उत्तर वेगळं. नऊ वर्षं मी चौदा इंची बास मोठ्या मनाने परत पाठवत होतो, आणि त्याचा तलावाला उपयोग नव्हता.

मिनोबद्दलचा हेकाही गेला. १९९२ च्या २४ जानेवारीला टेक्सासचा आजवरचा सर्वांत मोठा बास याच फोर्कवर धरला गेला, १८.१८ पौंडांचा. बॅरी सेंट क्लेअर नावाच्या माणसाने. तो बासच्या मागे नव्हताच. खोल पाण्यात मिनो लावून क्रॉपी धरत बसला होता. ही गोष्ट मला बारा वेळा तरी सांगितली गेली होती, आणि प्रत्येक वेळी मी ती नशिबाच्या खात्यात टाकली. जगातला विक्रम तर त्याहून बोलका आहे. जॉर्ज पेरी या जॉर्जियातल्या तरुण शेतकऱ्याने १९३२ च्या जूनमध्ये बावीस पौंड चार औंसांचा बास धरला, वजन करून घेतलं आणि घरी नेऊन कुटुंबाने खाल्ला. मंदीचे दिवस होते. या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, जपानच्या बिवा सरोवरात. मला पूर्वी वाटायचं, एवढा मासा खाल्ला, केवढं वाया गेलं. आता तसं म्हणवत नाही.

माझं मत पालटलं म्हणून मी सोडणं बंद केलं असं नाही. वसंतात उथळावर आलेली मोठी मादी मी आजही पाण्याबाहेर अर्धा मिनिटसुद्धा ठेवत नाही. आणि ठेवण्याच्या बाजूलाही मला काळजी आहे. २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं, तसली यंत्रं आता फोर्कवर पुष्कळ बोटींना दिसतात. खालचा एकेक मासा हलताना दिसतो, जिग त्याच्या नाकासमोर नेऊन थांबवता येते. हिवाळ्यात थवा एका जागी, यंत्र दाखवतंय, आणि धरलेला प्रत्येक ठेवायचा. पंचवीसची मर्यादा आहे, पण पंचवीस पूर्ण केलेच पाहिजेत असं नियमात कुठे नाही. हिवाळ्याच्या त्या तीन महिन्यांत निर्णय मासा वर आल्यावर घ्यायचा नसतो, तेव्हा तो मेलेलाच असतो. निर्णय गळ पाण्यात सोडताना घ्यायचा. घरात किती माणसं आहेत, किती खातील, एवढं आधी मोजायचं आणि तेवढ्यावर दोर गुंडाळायचा. मोजायला जमत नसेल तर चाळीस फुटांवर जायचंच नाही. उथळात, पंधरा फुटांच्या आत, बास शोधावा आणि तो मिळाला नाही तर तसंच घरी यावं.

डॅलसच्या आसपास बरीच मराठी घरं आहेत, आणि अलीकडे फोर्कवर मराठी बोलणं कानावर पडू लागलंय. कोकणातली मुलं तर दोर हातात घेतला की ओळखू येतात. त्यांना माझी विनंती आहे. ल्यूर घेण्याआधी त्या तलावाचे नियम शेवटपर्यंत वाचा, तुम्ही जो मासा धरणार नाही त्याचेही. हिवाळ्यात पुलाखाली जाणार असाल तर बर्फाची पेटी सोबत न्या आणि जाण्याआधी घरी विचारून घ्या, किती हवेत. पुलाखाली बादली घेऊन बसलेले म्हातारबाबा दिसले तर त्यांच्याशेजारी बोट लावा. त्यांना खूप माहीत असतं, आणि विचारलं तर ते सांगतात.

या जानेवारीत मी त्याच पुलाखाली गेलो होतो. गळाला मिनो होता. अकरा क्रॉपी धरल्या, त्यातल्या तीन आठ इंचांच्या. अकराही घरी आणल्या.